सरुबाईच्या बरणीतली काकवी

खरं सांगा, तुमच्या घरात आत्ता या घडीला अर्धी संपलेली दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी कुठं पडलेली आहे? फ्रीजवर? शिलाई मशीनच्या खणात? चहापावडरीच्या डब्यामागं? आणि ती कुणाला, कशासाठी, किती दिवसांसाठी लिहून दिली होती, हे घरातल्या एका तरी शहाण्याला आठवतंय का?

नाही ना? मग सरुबाई कांबळेला हसायचा हक्क तुम्हाला नाही. गोष्ट ऐका, मधे मधे हसूही येईल, पण हसताना त्या पट्टीची आठवण ठेवा.

सरुबाई कोल्हापूरच्या कसबा बावड्याची. उंचीनं बेताची, अंगानं काटक आणि आवाजानं अशी, की साखर कारखान्याचा भोंगा बिघडला तर हिला गच्चीवर उभी करावी. नवरा लवकर गेला. पदरात एक पोरगी, संघप्रिया. तिला सरुबाईनं शिकवली, बालवाडीची बाई केली, आणि हे सगळं हंबीररावांच्या गुऱ्हाळावर राबून केलं. गुऱ्हाळावर चरकातनं रस निघून गेला की उसाचं जे चिपाड उरतं, ते वाळत घालायचं, उलथायचं, वाळलं की चुलवाणापाशी, म्हणजे रस उकळायच्या भट्टीपाशी, ढिगानं रचायचं, हे तिचं काम. सगळा जाळ तिच्या चिपाडावर. चिपाड ओलं निघालं तर काहिलीतला, म्हणजे भट्टीवरच्या मोठ्या कढईतला, रस तापत नाही आणि गूळ शिजवणारा गुळव्या बोंबलतो. सरुबाईच्या चिपाडावर गुळव्या कधी बोंबलला नाही. बोंबलला असता तरी तिच्यापुढं ऐकू कुणाला जाणार?

असली ही बाई एका गोष्टीला मात्र भ्यायची. विचारायला.

त्याला कारण होतं. तरुणपणी एकदा एका हापिसात तिनं खिडकीपाशी काहीतरी विचारलं. आतला साहेब सगळ्या रांगेदेखत म्हणाला, "वाचता येत नाही का? भिंतीवर लिहिलंय." रांग हसली. सरुबाईनं त्या साहेबाच्या सात पिढ्या तिथंच धुवून काढल्या आणि ताठ मानेनं बाहेर आली. पण त्या दिवसापासनं खिडकीपलीकडच्या माणसाला तिनं कधी काही विचारलं नाही. 'समजलं का?' म्हटलं की 'समजलं की!' असं ठणकावून सांगायची. समजलेलं नसायचं. मान मात्र शाबूत राहायची. एका उर्मट माणसानं खिडकीत बसून एक वाक्य फेकावं आणि एका बाईचं तोंड जन्मभर बंद व्हावं, याला कुठल्या कलमाखाली घालायचं ते वकिलांनी सांगावं.

अठ्ठ्याण्णवच्या हंगामात सरुबाई चिपाडाच्या ढिगावरनं घसरली आणि कमरेवर आदळली. दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी फोटो काढला, हाड शाबूत निघालं, मुका मार निघाला. त्यांनी कॅप्सूल लिहून दिल्या. लाल टोपीच्या, पांढऱ्या अंगाच्या. "सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवण झाल्यावर. पाच दिवस. स्ट्राँग आहे, जास्त घ्यायची नाही, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. समजलं ना?"

"समजलं की!"

पुढचा पेशंट आत आला.

आता अडचण अशी झाली, की सरुबाईच्या घशाखालनं कॅप्सूल उतरेना. पाणी पोटात जायचं, कॅप्सूल टाळ्याला चिकटून बसायची. पण गुऱ्हाळावर वाढलेल्या माणसाला याच्यावरचा तोडगा पाळण्यापासनं माहीत असतो. ओवा असो, काढा असो, कुडाची साल असो, जे नरड्याखाली उतरत नाही ते काकवीत कालवायचं. उसाचा रस काहिलीत आटून गूळ व्हायच्या आधी जो दाट, तांबूस, मधासारखा पाक होतो, ती काकवी. तिच्यात कालवून विषसुद्धा पोरं चाटून खातील, असं गुऱ्हाळावरच्या बायका कौतुकानं म्हणायच्या. त्या म्हणण्यात किती तथ्य आहे ते पुढं कळेल.

सरुबाईनं एक लहान काचेची बरणी घेतली. तीत काकवी ओतली. कॅप्सूलच्या टोप्या एकेक करून उपटल्या आणि अख्ख्या पट्टीची पावडर बरणीत रिकामी केली. कडवटपणा मारायला वरनं सुंठ घातली, चमच्यानं ढवळलं आणि झाकण लावलं. रोज रोज टोप्या उपटत कोण बसतंय? सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा. हिशोब तिच्या मते चोख होता.

पाच दिवस झाले, कंबर हलकी वाटायला लागली. इथं थांबायला पाहिजे होतं. पण चिपाडाचं काम वाकून असतं आणि हंगाम भरात होता. सरुबाई औषधाच्या दुकानात गेली. दुकानदारानं चिठ्ठी मागितली नाही. "मावशी, रिकामं रॅपर आणलंय न्हवं? बास की." आणि दिली नवी पट्टी. हा धंदा त्या एकाच दुकानात चालत होता असं कुणी समजू नये. रॅपर दाखवा आणि गोळी न्या, असा सगळीकडं उघडा कारभार. डॉक्टरांना घाई, दुकानदाराला गिऱ्हाईक पाहिजे आणि मधे आपण, समजलं की म्हणणारे.

संघप्रियाच्या नजरेला ते रॅपर पडलं. "आई, पाच दिवसांच्या होत्या ना त्या? अजून चालूच?"

"संपल्या त्या. ह्यो जुना कागद हाय."

"मग बरणीत काय आहे?"

"सुंठ. कमरंला. तू बालवाडीतल्या पोरास्नी शिकव, मला नगं."

पोरीनं विषय सोडला, पण आईच्या वागण्यात फरक तिला दिसत होता. आई दुपारची चिपाडाच्या सावलीत पेंगायची, पोट साफ होत नाही म्हणून कुरकुरायची. "वय झालं आता," सरुबाई म्हणायची. आणि वर तिला असं वाटायला लागलं, की काकवीचा गुण कमी झालाय. म्हणून तिनं बरणीत आणखी एक पट्टी रिकामी केली. मग आणखी एक. बरणी उतरली की वरनं नवी काकवी ओतायची, असे महिने गेले.

यातली गोम अशी. काकवी दाट, पावडर जड. ती पाण्यातल्या साखरेसारखी विरघळत नाही, हळूहळू तळाला जाऊन बसते. सरुबाई वरवरची काकवी चमच्यानं घ्यायची, म्हणून तिला गुण कमी. सगळं औषध खाली थर धरून बसलं होतं. मग एकदा बरणी अर्ध्यावर आली, तिच्या खाली आली, तळाशी चार बोटं काकवी राहिली.

आणि त्याच सुमारास संघप्रियाची सोयरीक जुळली.

मुलगा प्रसेनजीत, शाहूवाडीकडचा, एस.टी.त मेकॅनिक. हुंडा नको, मानपान नको, लग्न विहारात साधेपणानं. असं स्थळ हातचं सोडायला सरुबाई खुळी नव्हती. तारीख ठरवायला मुलाकडचे आले. मुलगा, त्याचे वडील कृष्णात आणि कृष्णातची बहीण चिमणाबाई. कृष्णात म्हणजे भातशेतीवाला गडी, पोटानं गोल, मनानं मोकळा. येताना नव्या तांदळाची पिशवी खांद्यावर. उंबऱ्यातच "जयभीम! जयभीम!" करत आला आणि बसता बसता म्हणाला, "इहीनबाई, आमच्याकडं भात पिकतोय, पर त्येच्यावर घ्यायला काय पिकत न्हाय. बावड्याला येऊन काकवी खाल्ली न्हाय, तर आलो कशाला?"

"घ्या की मग!" सरुबाई खूश. "शिळी कशाला, कडकडीत ताजी आणतो. आत्ता काहील उतरायची येळ हाय." किटली घेतली आणि निघाली गुऱ्हाळाकडं.

आता गुऱ्हाळ काय उंबऱ्याला लागून नव्हतं. शिवाय तिथं हंबीरराव भेटले, "सोयरीक ठरली म्हनं, सरुबाई?" मग गुळव्याला सांगणं झालं, जाळ घालणाऱ्याला सांगणं झालं. इकडं पाहुण्यांना भूक लागली. संघप्रियानं ताटं वाढली. कृष्णातनं ताटाकडं बघितलं, मग फळीकडं बघितलं.

"पोरी, ती बरणी काकवीचीच हाय न्हवं?"

"हो, पण सुंठ घातलेली आहे. आई ताजी आणतेय."

"सुंठ? मग तर लईच ब्येस. प्रवासानं अंग आंबलंय. आण हिकडं."

होणारा सासरा मागतोय, सून नाही कशी म्हणणार? कृष्णातनं बरणी उलटी करून ताटात ओतली. तळाची येईना, तर भाकरीचा तुकडा आत घालून बरणी लखलखीत पुसून खाल्ली. "तळाला जरा कडू हाय बग. सुंठ झ्याक हाय तुमची." चिमणाबाईनं बोट लावून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. प्रसेनजीत आमटीत रमला होता.

सरुबाई किटली घेऊन दारात आली. पहिली नजर गेली ती ताटाशेजारच्या बरणीवर. धुतल्यासारखी स्वच्छ. तिनं किटली दारातच टेकवली.

"ही कुणी वाढली?"

"मीच. आबांनी मागितली," संघप्रिया होणाऱ्या सासऱ्याकडं बघत म्हणाली.

सरुबाईच्या तोंडाशी आलं होतं. पण समोर व्याही ढेकर देत बसलेला, तारीख ठरायची बाकी. काय सांगणार? की तुमच्या पोटात मी माझं औषध घातलं? तिनं मनाला समजावलं, मी इतके महिने खातेय, मला काय झालं? हा तर माझ्या दुप्पट अंगाचा. आणि तिनं तोंड मिटलं. विचारायला भिणारं माणूस सांगायलाही भितं.

तारीख निघाली. वैशाखातली बुद्धपौर्णिमा. कृष्णात भिंतीला टेकला, डोळे जड व्हायला लागले. "काकवी चढली जनू," तो म्हणाला आणि घोरायला लागला. सगळे हसले. चिमणाबाई म्हणाली, "आमचा दादा जेवला की असाच. डोक्यावरनं ट्रॅक्टर गेला तरी उठायचा न्हाय."

हसली नाही ती सरुबाई. ती त्याच्या छातीकडं बघत होती. घोरणं चालू, चालू, आणि मधेच बंद. पुन्हा एक ओढलेला, खोल श्वास. पुन्हा बंद. चहा झाला. "इवाई, च्या घ्या," तिनं खांद्याला हात लावून हलवलं. मान एका बाजूला कलली. ओठ जांभळट दिसत होते.

मग मात्र त्या घरात हसू उरलं नाही. प्रसेनजीतनं गल्लीच्या तोंडाची रिक्षा थांबवली, चौघांनी कृष्णातला उचलून आत घातलं. सरुबाई निघता निघता मागं फिरली, बरणी पदरात घेतली, चिपाडाच्या पोत्याखाली दडवलेलं रॅपर उपसून काढलं आणि रिक्षात शिरली. का घेतलं ते तिलाही तेव्हा धड सांगता आलं नसतं.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी कृष्णातच्या पापण्या उघडून बॅटरी मारली. बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी. "यांनी काय घेतलंय? कुठली गोळी? कुठलं औषध?"

"काय न्हाय हो," चिमणाबाई म्हणाली. "जेवला आणि निजला. ह्या पोरीनं वाढलं ते खाल्लं." आणि तिचं बोट संघप्रियाकडं वळलं. "काय घातलंस गं त्यात? लगीन व्हायच्या आधीच सासऱ्याला..."

संघप्रिया पांढरी पडली. प्रसेनजीत आत्याला "अगं आत्ती, काय बोलालीस?" म्हणत होता, पण त्याच्याही डोळ्यांत प्रश्न उभा होता.

सरुबाईनं एकदा पोरीकडं बघितलं, एकदा खाटेवरच्या त्या माणसाकडं. बोललं तर सोयरीक गेली. बावड्यापासनं शाहूवाडीपर्यंत ओरड होणार, हिनं व्याह्याला औषध चारलं. नाही बोललं तर समोरचा माणूस जाईल आणि आळ पोरीच्या हातावर राहील. तिच्या आयुष्यात इतका लांब क्षण दुसरा आला नाही, असं ती पुढं सांगायची.

"पोरीचा काय गुन्हा न्हाय," सरुबाईचा भोंगा वाजला, आणि अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. "बाई, मी सांगतो. माझ्या कमरंच्या गोळ्या हुत्या. फोडून काकवीत घातल्या. ही बरणी, ह्यो कागद. किती घातल्या त्ये मलाच ठावं न्हाय. दोन-तीन पट्ट्या तरी असतील. मी थोडं थोडं खाल्लं, त्यांनी तळ खाल्ला. कुणाला बांधायचं आसंल तर मला बांधा, पर ह्या मानसाला उठवा."

डॉक्टरीण बाईंनी रॅपर हातातनं हिसकावूनच घेतलं, वाचलं आणि नर्सला इंजेक्शनचं नाव ओरडून सांगितलं. मग पुन्हा वळल्या. "आणखी काही? दारू? झोपेची गोळी?"

"दारू?" चिमणाबाई तडकली. "आमी पंचशील पाळणारी मानसं!"

प्रसेनजीतनं खाली मान घातली. सरुबाईकडं चोरून बघितलं. एवढी म्हातारी बाई सगळ्यांदेखत कबूल झाली, मग आपण कसले मेकॅनिक? "घेतलीय," तो म्हणाला. "स्टँडवर उतरल्यावर आबा 'लघवीला जाऊन येतो' म्हणून गेलते. तोंडाला वास आलता. सोयरिकीचं टेन्शन आलंय म्हणाले."

"अरे देवा!" चिमणाबाई कपाळाला हात लावून बाकावर बसली. पंचशिलासकट.

"बरं झालं बोललात दोघंही," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "या गोळीवर दारू म्हणजे श्वासाला दोन्हीकडनं कुलूप."

पडदा ओढला गेला. बाहेर बाकावर एका टोकाला मुलाकडची माणसं, दुसऱ्या टोकाला मुलीकडची. मधे ती रिकामी बरणी. संघप्रियानं आईचा हात धरून ठेवला होता, एवढंच.

दिवस मावळायच्या आत कृष्णातनं डोळे उघडले. त्यानं आधी सलाईनकडं बघितलं, मग छताकडं, आणि प्रसेनजीतनं झालेलं सगळं सांगितल्यावर सरुबाईकडं. "इहीनबाई," तो म्हणाला, "काकवी झ्याक हुती. पर झोप लई म्हाग पडली की हो."

सरुबाई जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली. "चूक माझी. लगीन मोडायचं आसंल तर मोडा. माझं काय म्हननं न्हाय."

"मोडायचं?" कृष्णात उठून बसायला लागला, नर्सनं दाबून निजवला. "तुमी खरं बोललासा म्हनून मी जित्ता बोलालोय. आमच्या घरात खरं बोलनारं एक तरी मानूस पायजेच हाय. आमी काय हाय त्ये तर आज सगळ्यास्नी कळलंच." मग पोराकडं वळून, "व्हय रे चुगलखोरा?"

चिमणाबाई तेवढी फुरंगटून राहिली. पण संघप्रियानं तिच्यापुढं चहाचा कप धरला, तेव्हा तिनं आधी वास घेतला, मग कप घेतला. सगळे हसले. तीही हसली, जरा उशिरा.

कृष्णातला लगेच सोडलं नाही. औषधाचा अंमल पुन्हा वर येऊ शकतो म्हणून नजरेखाली ठेवला, यकृताची तपासणी केली. त्या वेळात डॉक्टरीण बाईंनी सरुबाईला समोर बसवलं. सरुबाईनं या खेपेला पदर खोचला आणि आयुष्यात न काढलेले शब्द काढले. "मला समजलं न्हाय. परत सांगा."

बाईंनी परत सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं. डोक्यात शिरलं ते असं. एका टोपीखाली दोन औषधं बसलेली असतात. एक अफूच्या भावकीतलं, ते दुखणं दाबतं, पण जास्त झालं की श्वासालाच निजवतं. दुसरं पॅरासिटामॉल, जे तापाच्या, सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत असतं. म्हणून ही चालू असताना आपल्या मनानं तापाची गोळी घेतली, की तेच औषध डबल होतं आणि यकृताला बाधतं. दारूबरोबर नाही, झोपेच्या गोळीबरोबर नाही. घेऊन गाडी चालवायची नाही, चुलवाणापाशी जायचं नाही. फोडायची नाही, कशात कालवायची नाही. गिळता येत नसेल तर तसं डॉक्टरला सांगायचं, ते दुसरं काही देतात. गुण आला नाही तरी आपल्या मनानं वाढवायची नाही.

"आणि तुमची तुम्ही एकदम बंद करू नका," बाई म्हणाल्या. "इतके महिने घेताय, अंगाला सवय लागलीय. मी सांगते तशी कमी करत आणू."

"म्हंजे पेंग यायची, पोट साफ न्हवतं, त्ये वय न्हवं?"

"वय नव्हतं, बरणी होती."

सवय सुटताना सरुबाईला घाम फुटला, हातपाय ओढले, चिडचिड झाली. चिडचिड वेगळी ओळखू आली नाही, असं हंबीररावांचं म्हणणं. पण तिनं नेटानं निभावलं. कमरेला पट्टा बांधला, वाकायचं काम दुसरीला दिलं आणि स्वतः चिपाड रचायच्या मुकादमीवर गेली. आवाज होताच.

बुद्धपौर्णिमेला लग्न लागलं. जेवणात काकवी होती. कृष्णातनं वाढणाऱ्याचा हात धरून आख्ख्या पंगतीला ऐकू जाईल असं विचारलं, "साधी हाय, का कमरंची?" त्यानं ही गोष्ट कुणापासनं लपवली नाही. शाहूवाडीकडं जाऊन स्वतःच सांगत सुटला, स्टँडवर घेतलेली दारूसुद्धा सांगितली. ती त्यानं सोडली का, असं विचाराल, तर बरीच सोडली. खोटं कशाला लिहायचं?

सरुबाई पुढं बारा-पंधरा वर्षं जगली. कळंब्याच्या लग्नापासनं बावड्याच्या बचत गटापर्यंत, जाईल तिथं ती बायकांच्या पिशव्या तपासायची. कुणी कमरेला हात लावून म्हणालं, "तुझी ती गोळी दे गं, मला लागू पडंल," की भोंगा सुरू. "तिच्या मापाचं झंपर घालशील व्हय? मग तिची गोळी कशी घालतीस पोटात?" लोक वैतागायचे. तिला फिकीर नव्हती. आणि कुठल्याही दवाखान्यात डॉक्टर 'समजलं ना?' म्हणाले, की बाहेरच्या बाकावरच्या माणसांना आतलं उत्तर स्पष्ट ऐकू यायचं.

आता तुमच्याकडं वळतो. वाचून झालं म्हणून पान उलटू नका, आधी उठा. ती अर्धी पट्टी शोधून काढा. ती पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, शेजारणीला देऊ नका, उरली असेल तर औषधाच्या दुकानात नेऊन विचारा, हिचं काय करू. घरात कुणी ती घेऊन निजलं आणि हलवून उठेना, श्वास अडखळायला लागला, तर लाज सोडून रॅपरसकट दवाखाना गाठा आणि जे पोटात गेलंय ते सगळं सांगा. आणि पुढच्या वेळी खिडकीपलीकडनं, टेबलापलीकडनं कुणी घाईघाईत 'समजलं ना?' म्हणालं, तर मान डोलवू नका. सरुबाईच्या आवाजात, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं एकदा म्हणा: "मला समजलं न्हाय. परत सांगा."